पालीच्या बाजेखाली शेगडी

खामगावात गारवा विकणारी दुकानं मोजायला बसलं तर अख्खी दुपार जाईल. कूलर, कूलरच्या ताट्या, कूलरचा पंप, त्या पंपाची दुरुस्ती, सगळं हाताशी मिळतं. ऊब मात्र कुणी विकत नाही, कारण ती आजवर कुणी मागितलेलीच नाही. मार्च लागला की ती फुकट मिळते आणि नको इतकी मिळते. त्यामुळे डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात भगवानराव मफलर गुंडाळून तीन दुकानांत गेले आणि दोन फूट लांब, दीड फूट रुंद, खालून येणारी, बत्तीस अंशांची ऊब मागू लागले, तेव्हा तिन्ही दुकानदारांनी त्यांना आधी खुर्ची दिली आणि मग पाणी दिलं.

ऊब हवी होती बुंदीला. बुंदी म्हणजे मनालीची पाल. भिंतीवरची नव्हे, पिवळ्या अंगावर काळे ठिपके असलेली, वीतभर लांबीची, भिंतीवर मुळीच न चढणारी, जाड शेपटीची आणि डोळ्यांना चक्क पापण्या असलेली. हिला लेपर्ड गेको म्हणतात, असं मनालीनं आईला तीनदा सांगितलं होतं. वंदनाबाईंनी तिन्ही वेळा "म्हंजे पालच ना?" एवढंच विचारलं होतं. मनाली पुण्यात नोकरीला. कंपनीनं तिला तीन आठवड्यांसाठी बंगळूरला पाठवलं, म्हणून ती बुंदीला काचेच्या पेटीसकट माहेरी आणून ठेवून गेली. सोबत बुंदीच्या खाण्यासाठी कोंड्यात ठेवलेल्या जिवंत अळ्यांचा डबा होता. लग्न झाल्यापासून पिठातल्या अळ्या वेचून फेकण्यात ज्यांचे दिवस गेले, त्या वंदनाबाईंवर आता कोंड्यातल्या अळ्या जगवण्याची वेळ आली होती. त्यांनी डब्यावर 'पोहे नाहीत' अशी चिठ्ठी लावली आणि विषय संपवला.

निघताना मनालीचा पाय घुटमळत होता. "बाबा, नक्की जमेल ना? नाहीतर मी मैत्रिणीकडे ठेवते तिला."

"मनाली," भगवानराव म्हणाले, "मी एकतीस वर्षं 'उष्णता' हा धडा शिकवला आहे."

हे खरं होतं. वहन, अभिसरण आणि प्रारण या तीन शब्दांवर भगवानरावांनी खामगावच्या दोन पिढ्या भाजून काढल्या होत्या. ते घरातसुद्धा पुस्तकी मराठी बोलत; वऱ्हाडी त्यांच्या तोंडून फक्त संताप किंवा संकट आलं तरच बाहेर पडे. मनालीनं त्यांना पेटीची रचना दाखवली. पेटीच्या एका अर्ध्या भागाखाली तापणारी पातळ चटई, आत तापमान बघणारा सेन्सर, आणि चटई जास्त तापली की वीज तोडणारा थर्मोस्टॅट. उबेची बाजू बत्तीस, गार बाजू पंचवीस. "थर्मोस्टॅटशिवाय काही म्हणजे काही लावायचं नाही," ती म्हणाली. भगवानराव खिडकीबाहेर बघत हसले. धडा पाठ असलेल्या माणसाला धडा वाचून दाखवला की तो असाच हसतो.

पहिला दिवस सुरळीत गेला. दुसऱ्या दिवशी भगवानरावांना काळजी वाटली. आपल्याकडची वीज कधी मिणमिणते, कधी उसळते. एवढं नाजूक यंत्र थेट भिंतीत खुपसणं बरं नव्हे. माळ्यावर जुन्या फ्रिजचा स्टॅबिलायझर पडलेला होता. फ्रिज जाऊन सोळा वर्षं झाली होती, पण स्टॅबिलायझर चांगला होता; म्हणजे चांगला आहे हे सोळा वर्षं कुणी नाकारलं नव्हतं. भगवानरावांनी तो पुसला, थर्मोस्टॅटची पिन त्यात खोचली आणि बटण दाबलं. स्टॅबिलायझरनं एक हुंकार दिला, मग जळक्या रबराचा वास आला, आणि थर्मोस्टॅट आणि चटई दोघंही एकाच क्षणी निवर्तले. बुंदीनं एकदा पापण्या मिटून उघडल्या. वंदनाबाईंनी दारातून पाहिलं आणि येऊन खिडक्या उघडल्या. भगवानरावांना ते बोलण्यापेक्षा जास्त लागलं.

संध्याकाळी मनालीचा फोन आला. "उबेची बाजू किती आहे बाबा?"

उबेची बाजू सतरा होती. गार बाजूही सतराच होती. त्या दृष्टीनं पेटीत कमालीची समानता होती.

"बत्तीस," भगवानराव म्हणाले.

आता खोटं बोलणं हा भगवानरावांचा स्वभाव नाही. शाळेत असताना निरीक्षण वहीत मनानं आकडे भरणाऱ्या पोरांना त्यांनी बाकावर उभं केलेलं आहे. पण पेटी सांभाळणं जमलं नाही हे मनालीला सांगायचं, म्हणजे धडा मला येत नव्हता हे सांगायचं; आणि ते त्यांच्या जिभेवर येईना. उद्या नवी चटई आणू, मग आकडा आपोआप खरा होईल, असा त्यांनी हिशेब केला. तो रोज एक दिवस पुढे सरकत राहिला. चौथ्या दिवशी मनालीनं थर्मामीटरचा फोटो मागितला. भगवानरावांनी पेटीतला छोटा डिजिटल थर्मामीटर काढला, स्वेटरच्या आत काखेत धरला, अठ्ठावीस, तीस, एकतीस असा चढू दिला आणि बत्तीसला बाहेर काढून वंदनाबाईंना म्हणाले, "घ्या, फोटो काढा, लवकर."

"ह्या वयात हे धंदे," वंदनाबाई म्हणाल्या. पण फोटो काढला.

इंटरनेटवर मागवलेली नवी चटई थर्मोस्टॅटसह निघाली, असा निरोप आला होता. ती नागपूरला पोचली, मग अकोल्याला आली, मग शेगावला आली आणि तिथंच थांबली. शेगाव ते खामगाव अंतर जेमतेम सतरा किलोमीटर. तक्रारीच्या नंबरवर एक गोड बाई तुमचा वेळ आमच्यासाठी मोलाचा आहे असं बावीस मिनिटं सांगत राहिली. "आली हाय शेगावात, तं दर्शन घेऊनच येईन ना," वंदनाबाई म्हणाल्या. चार दिवस झाले तरी चटईचं दर्शन आटोपलं नाही.

तेव्हा सुरू झाला तो तीन दुकानांचा प्रवास. तिसरं दुकान निजामचं. निजाम पंपाच्या जळक्या मोटारी नव्या तारेनं भरून देतो, कूलर दुरुस्त करतो, आणि एकेकाळी नववीत भगवानरावांच्या हाताखाली 'उष्णता' या धड्यात नापास झालेला आहे. त्यानं हातातली मोटार बाजूला ठेवली, सरांच्या पायाला हात लावला आणि सगळं ऐकून घेतलं.

"सर, पान्यात टाकायचा रॉड हाय. इस्तरी हाय. पन ह्यातलं काही लावू नका. बिना थर्मोस्टॅटचं काही लावसान तं जनावर मरून जाईन. उष्णता जाते कुठं ते पाहा लागते ना सर."

भगवानरावांचे कान गरम झाले. त्या आठवड्यात त्यांच्याकडे गरम झालेली ती पहिलीच गोष्ट होती. "निजाम, तुला धड्यात किती गुण होते?" त्यांनी विचारलं.

"पस्तीसपैकी सहा, सर. पन माहं पुरं तं ऐका..."

सर पायऱ्या उतरून गेले होते.

आठवडा उलटला आणि बुंदीनं अळीकडे पाहणंच सोडलं. तोंडासमोर धरलेली अळी वळवळायची, आणि बुंदी एखाद्या सभेच्या अध्यक्षासारखी डोळे मिटून घ्यायची. हिची चरबी शेपटीत साठते, शेपूट बारीक होऊ लागली की समजा अवघड आहे, असं मनाली म्हणाली होती. भगवानरावांनी पट्टी घेऊन शेपूट मोजली. बारीक झाली होती. त्यांना खरोखर भीती वाटली. हे जनावर आपल्या घरात आपल्या हुशारीमुळे मरेल, आणि लेक आपल्याला काही बोलणार नाही. ती नुसती पेटी उचलून घेऊन जाईल.

सकाळी त्यांनी पेढ्यांच्या खोक्याला भोकं पाडली, आत ऊनऊन रुमाल घातला, त्यावर बुंदीला ठेवलं आणि गुरांचा दवाखाना गाठला. सरकारी कचेरीत हातात पेढ्यांचा खोका घेऊन जाऊ नये, हे त्यांना तिथं गेल्यावर कळलं. शिपाई हसला, रांगेतल्या लोकांनी वाट दिली, खिडकीतल्या बाबूंनी हात पुढे केला आणि विचारलं, "मुलगा की मुलगी?"

"मादी आहे," भगवानराव म्हणाले आणि झाकण उघडलं. बाबूंचा हात फार चपळाईनं मागे गेला.

"बिल्ला नंबर सांगा."

"कसला बिल्ला?"

"जनावराच्या कानातला. बारा आकडी. बिल्ल्याशिवाय केसपेपर निघत नाही. कॉम्प्युटर घेतच नाही."

"अहो, हिला कानाची पाळी नाही. नुसतं भोक आहे."

"भोक आहे ना? मग बिल्ला मारून आणा."

भगवानरावांनी सरपटणाऱ्या प्राण्यांची कर्णरचना पाच मिनिटं समजावून सांगितली. मागे एक म्हातारा गोऱ्हा घेऊन उभा होता, त्यानंही मन लावून ऐकलं. शेवटी बाबूंना दया आली. कोंबडीला बिल्ला लागत नाही, असा एक रस्ता निघाला. त्यामुळे सरकारदप्तरी बुंदीची नोंद 'कोंबडी, गावरान, नग एक, तक्रार: खात नाही' अशी झाली आणि भगवानराव आत गेले.

डॉक्टर काजल वयानं मनालीएवढी. तिनं बुंदीला तळहातावर घेतलं, पोट पाहिलं, शेपूट पाहिली. "सर, हिला आजार नाही. गारठलीय. पोटाखालून ऊब मिळाली नाही तर हिचं पचन चालतच नाही, म्हणून ती खात नाही. पोटाला खालून मंद शेक पाहिजे. वरून बल्ब लावू नका, आत तापलेला दगड ठेवू नका. आणि लवकर करा. चार-पाच दिवसांपलीकडे मला खात्री देता येणार नाही." शेगडीचं नाव काही तिनं घेतलं नाही. पशुवैद्यकाच्या कुठल्याही पुस्तकात ती शक्यता धरलेली नसावी.

घरी येऊन भगवानरावांनी हे सगळं अंगणात उभ्यानंच वंदनाबाईंना सांगितलं. शेजारच्या रुखमाबाई भिंतीपलीकडे तुरीच्या शेंगा सोलत होत्या. त्यांनी एवढंच ऐकलं: नीट खात नाही, अंगात गारठा शिरलाय, पोटाला खालून मंद शेक द्यायचा. आणि भगवानरावांच्या हातात पेढ्यांचा खोका पाहिला. रुखमाबाईंनी या गल्लीतल्या सव्वाशे बाळंतिणी शेकल्या होत्या. त्यांना आणखी काही विचारायची गरज वाटली नाही. त्या थेट आत आल्या.

"कवा झाली?"

"काय कधी झाली?"

"बाळंतीन व! मनाली आली अन् मले सांगतलं नाई?"

मनाली नाही, पाल, हे समजायला थोडा वेळ गेला. पण समजल्यावरही रुखमाबाईंच्या निदानात काही फरक पडला नाही. "पाल असो नाई तं म्हैस असो," त्या म्हणाल्या, "पोटाले खालून शेक म्हंजे बाज अन् शेगडी. डाक्तरीन शिकेल हाय, तिनं बरोबर सांगतलं. तुमी आठ दिवस त्या लेकराले काचीत थंडं ठेवलं? मास्तर, तुमाले काय समजते?"

'मास्तर, तुमाले काय समजते' हे वाक्य भगवानरावांना एकतीस वर्षांत कुणी ऐकवलं नव्हतं. त्यांनी विरोध करायला तोंड उघडलं. पण विचार करता पद्धतीत तसं चूक काही सापडेना. खाली निखारे, मध्ये हवा, वर बाज. अभिसरण आणि प्रारण दोन्ही. शिवाय डॉक्टरीणबाईंनी चार-पाच दिवस म्हटलं होतं आणि चटई शेगावात रमली होती. भगवानराव बाजूला झाले.

मागच्या खोलीत बाज पडली. बाजेवर पेटी. बाजेखाली घमेल्यात गोवऱ्यांचे निखारे, त्यावर रुखमाबाईंनी चिमूटभर ओवा टाकला. धूर पेटीच्या जाळीतून आत जाऊ नये म्हणून वंदनाबाई सुपानं वारा घालत बसल्या. बातमी गल्लीत गेली. कुणी डिंकाचे लाडू आणले, कुणी बाळंतशेपा आणल्या, एका सुनेनं "पयलीच खेप हाय का?" म्हणून दबक्या आवाजात चौकशी केली. भगवानराव उकिडवे बसून थर्मामीटर वाचत होते. एकोणीस. तेवीस. सत्तावीस. तीस. आणि बत्तीस! एवढ्या दिवसांत पहिल्यांदा आकडा काखेविना आला होता. बुंदीनं डोकं उचललं, जीभ काढून नाकावरून फिरवली. भगवानरावांच्या डोळ्यांत पाणी आलं. अर्धं ओव्याच्या धुरानं, अर्धं आपलं आपण. रुखमाबाईंनी मीठ-मोहरी घेऊन बुंदीची दृष्ट काढली.

मग आकडा चौतीस झाला.

"निखारे कमी करा," भगवानराव म्हणाले. निखाऱ्यांना बटण नसतं, हे सगळ्यांच्या एकदमच लक्षात आलं. छत्तीस. सदतीस. रुखमाबाईंच्या काळी बाज सुताच्या नवारीनं विणलेली असे. ही बाज दोन वर्षांपूर्वी नायलॉनच्या पट्ट्यांनी विणून घेतली होती, आणि पट्ट्यांनी हा मुद्दा आता पुढे आणला. आधी एक पट्टी लांबली, मग तिच्या शेजारची. पेटीचा एक कोपरा सावकाश खाली बसला, झाकण घसरलं, रेती एका बाजूला वाहिली, आणि बुंदी त्या रेतीवरून घसरत खाली जमिनीवर आली. निखाऱ्यांपासून हातभर अंतरावर पडली, एकदा सगळ्यांकडे पाहिलं आणि पळाली.

वंदनाबाईंनी घमेलं ओढून बाहेर नेलं. बाकीच्या बाया खुर्चीवर, स्टुलावर, एक जण तर धान्याच्या कोठीवर चढली. तासाभरापूर्वी ज्या पालीसाठी लाडू आणले होते, ती पाल आता मोकळी होती आणि बाळंतीण राहिलेली नव्हती. दोघींच्या हातात झाडू आले.

"झाडू ठेवा!" भगवानराव ओरडले. "कोनी मारू नका! पोरीची हाय थे! खाली ठेवा म्हनतो ना बे!"

पुस्तकी मराठी संपली होती. भगवानराव रांगू लागले. कपाटाखाली, कोठीखाली, मोरीत. गल्लीतून 'सापडली, सापडली' अशा आरोळ्या येत राहिल्या आणि दरवेळी भिंतीवरची साधी पाल दाखवण्यात आली. अशा नऊ निघाल्या. आरडाओरडा ऐकून कुणीतरी निजामला बोलावलं, आग लागली असावी म्हणून. तो सरांसाठी त्या दिवसापासून भरून ठेवलेली पिशवी तशीच उचलून आला, सरांना चार पायांवर पाहिलं आणि काही न विचारता स्वतःही गुडघ्यांवर बसला.

पाऊण तासानं बुंदी सापडली. स्वयंपाकघरात, फ्रिजच्या मागे, जमिनीलगत. काँप्रेसरशेजारच्या गरम पत्र्याला पोट चिकटवून ती डोळे मिटून पडली होती. भगवानरावांनी थर्मामीटर तिच्या शेजारी सरकवला. एक मिनिट थांबले. आकडा एकतीस पूर्णांक आठ.

फ्रिज आतली उष्णता मागे फेकतो. घरातली सगळ्यात थंड वस्तू पाठीमागून गरम असते. हे ते स्वतः नववीला आकृती काढून शिकवत. परीक्षेत हमखास यायचं. आठ दिवस ऊब त्यांच्या स्वयंपाकघरात होती आणि ती शोधायला ते मफलर बांधून गावभर फिरले होते. ते तिथंच भिंतीला टेकून बसले.

"सर, इथं नाई ठेवता येत तिले," निजाम हळूच म्हणाला. "उघडे तारं हायेत. मी त्या दिवशी हेच सांगत होतो. पोल्ट्रीवाल्याच्या अंडे उबवाच्या मशीनचा थर्मोस्टॅट हाय माह्यापाशी. पाठ शेकाची पट्टी बी आनली. जोडून देतो. पन किती वर लावाचा, सेन्सर कुठं ठेवाचा, पट्टी काचीपासून किती दूर, हे मले नाई माहीत. तुमाले?"

भगवानरावांनी पट्टी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली.

"मले बी नाई माहीत," ते शेवटी म्हणाले.

माहीत असणारं माणूस एकच होतं. त्यांनी स्वतःच फोन लावला. एवढ्या दिवसांत पहिल्यांदा फोन त्यांच्या बाजूनं गेला.

"बाबा? आत्ता? बुंदी बरी आहे ना? उबेची बाजू किती?"

"मनाली," भगवानराव म्हणाले, "मी सांगतलं तवा बत्तीस कवाच नव्हते. सतरा होते. पयला दिवस सोडला तं रोज सतरा." आणि मग त्यांनी सगळं सांगितलं, स्टॅबिलायझर, काख, कोंबडी, बाज, निखारे, फ्रिज, निजामची पट्टी. एकही गोष्ट गाळली नाही. वंदनाबाई हातात सूप घेऊन ऐकत उभ्या होत्या. निजामनं नजर पट्टीच्या वायरीवर ठेवली.

फोन कटला असं वाटून भगवानरावांनी तो कानापासून दूर धरून पाहिला. कटला नव्हता.

"रागावलीस ना?" त्यांनी विचारलं.

"हो," मनाली म्हणाली. "ती मेली असती बाबा."

"हाव," भगवानराव म्हणाले. "मले वाटलं, मले येते."

मग तिनं नाक ओढल्याचा आवाज आला. "वही-पेन घ्या," ती म्हणाली. "मी सांगते ते लिहा. मधे बोलायचं नाही. निजामभाऊंनाही ऐकू येऊ दे."

भगवानरावांनी कोरी वही आणली, पहिल्या पानावर पट्टीनं समास आखला, तारीख घातली आणि लिहू लागले. ती सांगत होती, सेन्सर कुठं ठेवायचा, आकडा किती, पट्टी आणि काचेत किती फट, दिवसातून किती वेळा बघायचं, आणि बघितलेला आकडा, जो असेल तो, खाली लिहायचा. दोनदा त्यांनी "परत सांग" म्हटलं. एकदा त्यांचं अक्षर चुकलं, त्यांनी खोडून वर लिहिलं. शेवटी ती म्हणाली, "आता काय लिहिलं ते वाचून दाखवा."

भगवानरावांनी वही दोन्ही हातांत धरली, चष्मा नीट केला, आणि आपण काय करतोय हे लक्षात यायच्या आत उभे राहून वाचू लागले.